कै. कुलकर्णी, 'कु' म्हणजे काय?

कैलासवासी गावकामगार कुलकर्णी यांस,

स.न.वि.वि. अक्षरे वाचवायची कला तुमच्याकडूनच शिकलो, म्हणून नमस्कारही संक्षेपात.

आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईत माथाडी म्हणून आले. बाजार वाशीला हलला, तसे आम्ही नेरुळकर झालो. जानेवारी 2024मध्ये मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीत येऊन थडकला, तेव्हा घरोघरी एकच चौकशी: "तुमची कुणबी नोंद सापडली का?" आमची सापडली. म्हणजे आम्हीच तुमच्या तावडीत सापडलो.

गाव नमुना 14, कोतवाल बुक, लिपी मोडी. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग बोरू न उचलता अक्षरे टांगत सुटायचे. ना शब्दांत फट, ना ऱ्हस्व-दीर्घाची भानगड. घाई समजते हो, दौतीत सारखा सारखा बोरू कोण बुडवणार! पण आमच्या खापरपणजोबांच्या नावावरच तुमची शाई सांडली. एका जाणकाराने 'रामा' वाचले, दुसऱ्याने 'नामा', तिसऱ्याने 'दामा'. मानधनाच्या आकड्यावर मात्र तिघांचे एकमत. पुढे पणजोबांचे नावच नाही, नुसते 'मुलगा'. बारशाची वाट न पाहता नोंद केलीत, हे तुमच्या कर्तव्यदक्षतेत जमा धरतो.

आणि जातीचा रकाना? 'कु'. संपले! कुणबी, कुंभार की कुलकर्णी? खालच्या सात ओळींत तर तेवढेही कष्ट नाहीत, फक्त 'सदर'. पानाच्या तळाशी तुमची सही मात्र ऐसपैस. तिथे 'कुलकर्णी'तले एकही अक्षर गाळले नाहीत, वर शेपूट समासाबाहेर गेले.

सप्टेंबर 2023मध्ये अशा नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, दप्तरांची फडकी सुटली आणि मोडी वाचणारी माणसेच शोधायची वेळ आली. तुमच्यावर खटलाच भरणार होतो. मग लक्षात आले, आमचे बाळबोध आरोपपत्र तुम्ही घडाघडा वाचले असते. तुमचा मोडीतला जबाब आम्हालाच वाचता आला नसता.

तेव्हा वाचकहो, राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवते. जरूर नाव घाला. आणि अर्ज भरताना, कृपा करून, नाव पूर्ण लिहा.