जाळण्याआधी वाचलं होतं!

तुर्कस्तानची ‘एर्तुग्रुल’ ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना इब्न अरबी ठाऊक असतात. पांढरी दाढी, संथ आवाज. नायक संकटात सापडला की ते कुठून तरी प्रकटतात, दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतात आणि पुढचं संकट येईपर्यंत अंतर्धान पावतात. आपल्या पौराणिक मालिकांत नारदमुनींकडे जे खातं असतं, तेच. २०२० च्या रमजानात पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीनं ही मालिका उर्दूत दाखवली. पंतप्रधान इम्रान खान यांनी जातीनं शिफारस केली होती. मग काय, घरोघरी शेखसाहेब.

खरे शेखसाहेब ११६५ साली स्पेनमधल्या मुर्सियात जन्मले आणि १२४० साली दमास्कसमध्ये वारले. मधल्या काळात अनातोलियातही राहिले, तिथल्या सेल्जुक सुलतानाला सल्ले देत राहिले, एवढं खरं. एर्तुग्रुलच्या तंबूत ते कधी डोकावले, याला पुरावा शून्य. त्यांचा ‘फुतूहात’ हा ग्रंथ ५६० प्रकरणांचा. त्यांच्या स्वतःच्या हातची प्रत ३७ खंडांची, ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मालिकेचं चित्रीकरणही इस्तंबूललाच झालं. पण संवाद लिहायला ३७ खंड कोण उघडतो?

मालिकावाल्यांना तरी कशाला बोल लावा. मोठ्या विचारवंताचे चाहते वाढले की वाचक घटतात, हा जुना हिशेब आहे. इब्न अरबींच्या बाबतीत तर तो फारच चोख जुळतो. आठशे वर्षांत ज्यांनी त्यांना मनापासून शिव्या घातल्या, त्यांनीच त्यांना मन लावून वाचलं. डोक्यावर घेणाऱ्यांना पोस्टरपुरत्या चार ओळी पुरल्या.

त्या चार ओळी तुम्हीही कुठे ना कुठे पाहिल्या असतील. मठ, मूर्तींचं देऊळ, काबा, सगळंच हृदयात मावतं, अशा आशयाच्या. सर्वधर्म परिषदेच्या व्यासपीठामागे लावायला यापरतं झकास काही नाही. या ओळी ज्या ‘तर्जुमान अल-अश्वाक’मधल्या, तो प्रेमकवितांचा संग्रह. मक्केत एका इस्फहानी विद्वानाची निजाम नावाची बुद्धिमान, देखणी मुलगी शेखसाहेबांना भेटली आणि त्यातून या कविता आल्या. पुढे अलेप्पोत एका धर्मशास्त्र्यानं नाक मुरडलं. म्हणाला, यात कसलं आलंय अध्यात्म, हे सरळ बाईवरचं प्रेम आहे. सोवळं टिकावं म्हणून देवाचं नाव पुढे केलंय. बातमी शिष्यांनी गुरूच्या कानावर घातली. शेखसाहेब बसले आणि स्वतःच्याच कवितांवर ओळीओळीनं भाष्य लिहून काढलं: इथे डोळा म्हणजे अमुक ज्ञान, इथे उंट म्हणजे तमुक अवस्था. मग ते भाष्य शास्त्र्यांसमोर वाचून दाखवलं गेलं, टीकाकार वरमले. असं शेखसाहेबच सांगतात, तेव्हा आपणही मान डोलवावी. (कवीनं स्वतःच गाइड लिहिलेलं पाहिलं की मला मूळ आरोपात तथ्य असावंसं वाटू लागतं. पण ते असो.)

पोस्टरवाल्यांनी मात्र एक पान मुद्दाम उलटावं. याच शेखसाहेबांनी १२१२ च्या सुमारास अनातोलियाच्या त्या सेल्जुक सुलतानाला, कैकाऊसला, एक पत्र लिहिलं. विषय: राज्यातली ख्रिस्ती प्रजा. त्यांना नवी चर्च बांधू देऊ नका, घंटा वाजवू देऊ नका, खलिफा उमरच्या नावानं चालत आलेले निर्बंध कडकपणे लागू करा. पत्र ‘फुतूहात’मध्येच आहे, कुणी शत्रूनं घुसडलेलं नाही. आता हृदयात मठ मावणारा माणूस आणि गावात चर्च नको म्हणणारा माणूस एकच कसा, हा खरा अवघड प्रश्न. त्यावर डोकं खाजवण्यापेक्षा पोस्टर छापणं स्वस्त पडतं.

आता दुसरी बाजू पाहा. इब्न तैमिया म्हणजे इब्न अरबींचे सर्वांत कडवे टीकाकार. आजही सूफींच्या नावानं बोटं मोडणारे त्यांचाच दाखला देतात. हे गृहस्थ १३२८ साली दमास्कसच्या किल्ल्यात कैदेत वारले. त्यांनी लिहून ठेवलंय की आधी इब्न अरबींबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, ‘फुतूहात’मधून त्यांना बरंच काही मिळालं होतं, त्यांचा दुसरा ग्रंथ ‘फुसूस’ वाचला आणि मत फिरलं. म्हणजे दोन्ही ग्रंथ वाचून, कोणता कुठे खटकतो हे ठरवून मग हल्ला. अशी शिवी खायलाही भाग्य लागतं. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराज हे तर स्वतः सूफी, पण इब्न अरबींचं सगळंच त्यांना पटलं नाही आणि त्यांनी तसं बजावलं. सरहिंदच्या शेख अहमद यांनी पत्रांवर पत्रं लिहून मतभेद मांडले आणि मधूनमधून इब्न अरबींबद्दल आदरही दाखवला. विरोधकाला आदर दाखवायचा म्हणजे त्याचं म्हणणं आधी कळावं लागतं.

याउलट भक्त. १५१६ मध्ये ऑटोमन सुलतान सलीमनं दमास्कस जिंकलं. इजिप्तची मोहीम उरकून परत आला, तेव्हा इब्न अरबींच्या दुर्लक्षित कबरीवर मशीद बांधायचा हुकूम सोडला आणि काही महिन्यांत ती उभीही राहिली. मग एक ग्रंथ पुढे आला. त्यात म्हणे इब्न अरबींनी ऑटोमन घराण्याचा उदय आधीच सांगून ठेवला होता. अक्षरांचं कोडं घालून सलीमचं नावसुद्धा! ग्रंथ अर्थातच शेखसाहेबांचा नव्हे, नंतर कुणीतरी त्यांच्या नावावर खपवलेला. तेव्हा मालिकेच्या पटकथालेखकांवर उगाच रागावू नका. शेखसाहेबांना सरकारी ज्योतिषी नेमण्याची प्रथा पाचशे वर्षांची आहे.

न वाचण्याचा रोग पुढे विरोधकांनाही जडला. १९७९ साली इजिप्तच्या संसदेनं ‘फुतूहात’च्या नव्या आवृत्तीचं काम थांबवलं. ५६० प्रकरणं आधी सभागृहात वाचून मग मतदान घ्यायचं ठरवलं असतं, तर ते अधिवेशन आजही चालू असतं. आरडाओरडा झाला आणि बंदी मागे घ्यावी लागली.

पण वाचून भांडण्याचा अस्सल नमुना हवा असेल तर बुऱ्हाणपूरला चला. खानदेशाच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. इथे मुहम्मद बिन फज्लुल्लाह नावाच्या सूफीनं १५९० साली अरबीत एक छोटं पुस्तक लिहिलं. इब्न अरबींच्या परंपरेतला अवाढव्य पसारा त्यानं सात पायऱ्यांत बसवला: परमतत्त्व पायरीपायरीनं कसं प्रकट होत माणसापर्यंत येतं, ते. पुस्तक सुटसुटीत, म्हणून भलतंच चाललं. तापीकाठचा हा माल समुद्र ओलांडून सुमात्राच्या आचे राज्यात पोचला. पुढे त्याचं जावा भाषेत काव्यही झालं. आचेमध्ये हमजा फन्सुरी यांच्या मलय कवितांनी जमीन आधीच भिजवून ठेवली होती. सुलतान इस्कंदर मुदाचे धर्मगुरू शम्सुद्दीन याच मताचे. थोडक्यात, ‘सर्व अस्तित्व एक’ हा इब्न अरबींच्या परंपरेतला विचार तिथे दरबारी सिद्धान्त होता.

शम्सुद्दीन १६३० मध्ये गेले, सुलतान १६३६ मध्ये. नवा सुलतान आला आणि पाठोपाठ १६३७ मध्ये नूरुद्दीन रानीरी. हे कुठले? सुरतेजवळच्या रांदेरचे. म्हणजे पुस्तक गेलं तापीकाठावरून आणि काडेपेटीही तापीकाठचीच. रानीरींनी फन्सुरींच्या पंथाला पाखंडी ठरवलं. आचेच्या मोठ्या मशिदीपुढे पुस्तकांचा ढीग रचून पेटवून दिला. तोबा करायला तयार नसलेल्यांची डोकी उडाली.

आणि हे सगळं इब्न अरबींच्या विरोधात नव्हे बरं का. रानीरी इब्न अरबींना मानत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मूळ शेखसाहेब बरोबर होते, या मलय मंडळींनी त्यांचा अर्थ चुकीचा लावला. शेखसाहेब हाती लागले असते तर त्यांना उच्चासनावर बसवलं असतं आणि त्यांचे वाचक समोरच्या आगीत घातले असते. आचेच्या एका विद्यार्थ्याला हे खुपत राहिलं. तो मदिनेला शिकत होता. तिथे इब्राहिम कुरानी या गुरूनं आग्नेय आशियातल्या अशाच शिष्यांच्या शंकांसाठी बुऱ्हाणपूरच्या त्या छोट्या पुस्तकावर भलंमोठं भाष्य लिहिलं. शंका पुस्तकानं उत्पन्न केली, निरसनही पुस्तकानंच केलं. हा मार्ग मला आवडतो, जरी माणसं तोवर मेलेली असली तरी.

रानीरींचं राज्य सात वर्षं चाललं. त्यांचा आश्रयदाता सुलतान वारला, गादीवर त्याची बेगम साफियतुद्दीन आली. १६४३ मध्ये सैफ अल-रिजाल नावाचे विद्वान आचेत उतरले, तेही सुरतेहूनच, आणि त्यांनी रानीरींशी उघड वाद मांडला. राणीपुढे खटला गेला. राणीनं धर्मातलं आपल्याला कळत नाही असं सांगून तो सरदारांकडे ढकलला. कौल विरोधात गेला आणि रानीरींनी रांदेरचं जहाज पकडलं. निघाले ते इतक्या घाईत, की हातात घेतलेला ग्रंथ पाच प्रकरणांवरच राहिला. जाताना एका शिष्याला सांगून गेले: पुढचं तू लिही.