घरमालकाला मोफत सल्ला

भाडेकरू घर सोडत नाही, असं चारचौघांत नुसतं बोलून बघा. चारातले पाच जण वकील निघतात. एक म्हणतो, लाइट तोड, आपोआप जाईल. दुसरा म्हणतो, तो ऑफिसला गेला की कुलूप बदल. तिसऱ्याच्या ओळखीत एक गृहस्थ असतात, ते काही करत नाहीत, फक्त ‘समजावून सांगतात’. आणि अकरा महिन्यांचा करार असला की काडीचीही भानगड नसते, यावर सगळ्यांचं एकमत असतं. या मंडळींपैकी कोणाच्याही मालकीचं दुसरं घर नसतं, म्हणून त्यांची मतं निःपक्षपाती असतात.

मी मात्र घरमालक आहे. कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि पेठेतल्या वाड्यात आजोबांनी ठेवलेलं एक बिऱ्हाड, जे वारसाहक्काने माझ्याकडे आलं. त्यामुळे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मला वाचावा लागला. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. कायदा करणाऱ्यांनी घरमालकाचा किती बारकाईने विचार केला आहे, हे तो वाचल्याशिवाय कळत नाही.

लाइट तोडण्याचंच घ्या. कलम २९ सांगतं की योग्य कारणाशिवाय भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा घरमालकाला बंद करता येत नाहीत. केल्या तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या सेवांत पाणी आहे, वीज आहे, आणि जिन्यातला दिवासुद्धा आहे. वाड्यातल्या बिऱ्हाडाने कायदा वाचलेला नाही, पण दिव्याचं त्यांना बरोबर ठाऊक आहे. बल्ब गेला की तासाभरात फोन येतो, “अहो, जिन्यात काही दिसत नाहीये, उद्या कोणी पडलं-बिडलं तर?” त्यांचं भाडं महिना एकशेचाळीस रुपये. कलम ११ प्रमाणे त्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. हिशेब केला तर पाच रुपये साठ पैसे होतात. त्याची पावती देणंही बंधनकारक आहे, ती मी देतो. पावतीपुस्तकाचा खर्च वेगळा.

भाडं थकलं तर? कायद्यात त्याचीही सोय आहे, फक्त कोणाची ते नीट वाचायला हवं. आधी लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं. मग दावा लावायचा. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी पंधरा टक्के व्याजासकट कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. म्हणजे नोटीस, वकील आणि कोर्ट एवढं सगळं झाल्यावर मला मिळतं काय, तर भाडं. तक्रार नाही. भाडंच तर मागितलं होतं.

घर स्वतःला हवं असेल तर कलम १६ आहे. पण मला हवं आहे म्हणून भागत नाही, गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे हे कोर्टाला पटवावं लागतं. ते पटलं तरी घर सोडताना भाडेकरूची जास्त अडचण होते की न मिळाल्याने मालकाची, हे तोलून पाहिलं जातं. या तोलामोलात माझा कोथरूडचा फ्लॅट माझ्याच विरुद्धच्या पारड्यात पडतो. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर तेही घर परत मागायचं एक कारण आहे. वाड्यातलं बिऱ्हाड केव्हाच मुलाच्या प्रशस्त फ्लॅटवर गेलं आहे. पण महिन्यातून एकदा दोघं येतात, कुलूप उघडतात, देवापुढे निरांजन लावतात, पंखा फिरवून बघतात, शेजारी दोन शब्द बोलतात आणि जातात. जाताना जिन्यातल्या बल्बकडे एक नजर टाकतात.

कोथरूडचं प्रकरण आधुनिक आहे. तिथे लिव्ह अँड लायसन्स. अंगठे ऑनलाइन उमटवले, पोलिसांकडे माहिती दिली, सोसायटीची एनओसी आणली. मुदत संपल्यावर “काका, मुलाची परीक्षा तेवढी होऊ द्या,” असा आदरयुक्त निरोप आला. मुलाच्या शिक्षणाची मला इतकी काळजी आहे हे तोवर मलाच ठाऊक नव्हतं. परीक्षेनंतर निकाल असतो, निकालानंतर प्रवेश. भाड्याचं विचारलं तर “डिपॉझिटमधून वळतं करून घ्या ना!” भिंतींना पाडलेली भोकंही त्याच डिपॉझिटमधून बुजवायची असतात, हा मुद्दा चर्चेला येत नाही.

इथे मात्र कायदा घरमालकाच्या बाजूने उभा आहे, आणि हेच चारचौघांतल्या पाच वकिलांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. कलम २४ प्रमाणे मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारात जे आहे तो निर्णायक पुरावा. समोरच्याला बाजू मांडायची असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यासाठी परवानगी मागावी लागते, नाहीतर ताब्याचा आदेश होतो. मुदतीनंतर राहिल्याबद्दल भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही आहे. जो एकपट देत नाही त्याच्याकडून दुप्पट कशी घ्यायची, एवढा तपशील सोडला तर तरतूद उत्तम आहे.

तेव्हा घरमालक बंधू-भगिनींनो, कुलूप बदलू नका, नळाला हात लावू नका, समजावून सांगणाऱ्या गृहस्थांचा नंबर घेऊ नका. करार अकरा महिन्यांचा असो की साठ, नोंदणी केल्याशिवाय किल्ली देऊ नका. कलम ५५ ने नोंदणीची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. ती टाळली तर इथेही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल तेच खरं मानलं जातं.