खुन्याचं नाव सांगून मोकळे झालेल्या दादांना खुलं पत्र

दादा,

पत्राच्या वरती 'सप्रेम' लिहायची रीत आहे. आज ते लिहवत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं नावही लिहीत नाही. आपल्या रविवारच्या वाचनाला येणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना त्याची गरज नाही. पत्र खुलं लिहिते आहे, कारण मिळून पुस्तकं वाचणाऱ्या लोकांमध्ये तुमच्यासारखा एखादा असतोच आणि त्याला तोंडावर कुणी काही बोलत नाही. हातात चहाचा कप असला की आपण सगळे सभ्य होतो. त्या दिवशी मीही गप्प बसले. त्याची टोचणी मला आहे, पण ती माझी मी बघेन. हे पत्र तुमच्याबद्दल आहे.

जूनमधला तो रविवार आठवा. वाचन संपलं होतं, बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, म्हणून कुणी उठलं नाही. मी कांदाभजी तळायला घेतली. आपली छोटी, बारावीतली, वही उघडून बसली होती आणि तिने तुम्हाला विचारलं, "दादा, तुम्हाला कोण वाटतं?" कोण वाटतं, एवढंच. कोण आहे, हे तिने विचारलंच नव्हतं. तुम्ही भजी फुंकत फुंकत नाव सांगितलंत. वर म्हणालात, "त्यात काय एवढं, तेराव्या भागात येतं ते."

छोटीने वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि पाऊस थांबायच्या आत निघून गेली. छत्री उघडायचंही तिला भान नव्हतं. तुम्ही दुसरी भजी घेतलीत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. २०२४च्या पाडव्याला आम्ही सात जणांनी डोंबिवलीत माझ्या घरी रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही मालिका वाचायला घेतली. तिचे भाग १४. शिवाय आधीची कथा सांगणारं एक वेगळं पुस्तक. सगळे मिळून ४० लाखांहून जास्त शब्द. पहिला भाग १९९० साली आला आणि शेवटचा २०१३च्या जानेवारीत. एवढा पसारा एकट्याने वाचताना माणूस मध्येच कुठेतरी बसकण मारतो. आठव्या भागापासून दहाव्यापर्यंत कथा इतकी रेंगाळते की, जगभरचे चाहते त्या पट्ट्याला रखडपट्टीच म्हणतात. म्हणून मिळून वाचायचं ठरवलं. हुतात्मा चौकातल्या फुटपाथवरून जुन्या प्रती आणल्या. आमच्यातली एक नर्स आहे. तिला वाचायला वेळ मिळत नाही, तेव्हा ती मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या नवराबायकोने वाचलेली ध्वनिपुस्तकं लोकलमध्ये ऐकते. एकटा पहिला भागच ३० तासांचा आहे. डोंबिवली ते भायखळा रोज जा-ये करून तिने तो संपवला आणि रविवारी आमच्याही आधी तयार होऊन आली.

पाचव्या भागाच्या शेवटाशी एक पात्र मरतं. कोण, ते मी लिहिणार नाही. हे वाचणारं कुणी आज तिसऱ्या भागात असेल. एक माणूस दारू शोधायला कोठीघराकडे जातो, दार उघडतो, समोर कोण आहे ते ओळखतो, आणि संपतो. मारणाऱ्याचं नाव नाही, वर्णन नाही. प्रकरण तिथेच थांबतं आणि कथा दुसरीकडे निघून जाते. हा भाग १९९३ सालचा. उत्तर छापून आलं २०१० साली, तेराव्या भागाच्या मागे दिलेल्या शब्दसूचीत. सतरा वर्षं! त्या सतरा वर्षांत वाचकांनी त्या एका पानाची अक्षर न् अक्षर तपासणी केली. त्या वेळी कोणतं पात्र कुठल्या शहरात होतं, कुणाला तिथवर पोहोचणं शक्य होतं, कुणाला बघून तो माणूस तसा दचकला असता, याच्या याद्या झाल्या, त्या खोडल्या गेल्या, नव्या झाल्या. जॉर्डन म्हणत की खुणा पुस्तकातच आहेत, त्यावरून ओळखता येतं. पण नाव विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. वाचा आणि शोधून काढा. इंग्रजीतल्या त्या शब्दांची आद्याक्षरं जोडून चाहत्यांनी 'राफो' असा शब्दच करून टाकला. तुम्हाला तो माहीत आहे. पहिल्या दिवशी आम्हाला तो तुम्हीच तर शिकवलात.

म्हणून मला तुमचा जास्त राग येतो. न कळून बोलणाऱ्याला मी क्षमा केली असती. तुम्हाला सगळं कळत होतं.

जॉर्डन २००७च्या सप्टेंबरमध्ये गेले. हृदयाचा असाध्य आजार होता. मालिका पुरी करायला आपल्याला वेळ मिळणार नाही हे दिसू लागल्यावर त्यांनी पुढची कथा घरच्यांना सांगून ठेवली, नोंदी केल्या, शेवटाचा प्रसंग स्वतः लिहिला. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला बोलावून घेतलं आणि त्याने उरलेले तीन भाग पुरे केले. म्हणजे बघा, ते एक नाव आधी लेखकाने सांभाळलं, त्याच्यामागे त्याच्या बायकोने, मग ज्याच्या हाती नोंदी पडल्या त्या परक्या माणसाने. मरणाच्या दारातल्या माणसाने वाचकांसाठी जे राखून ठेवलं, ते तुम्ही एका भजीबरोबर देऊन टाकलंत.

आणि काका. बँकेतून निवृत्त झालेले आपले काका, जे नेहमी दाराजवळच्या खुर्चीत बसतात. त्या संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं की काकांनी ही मालिका पूर्वीच वाचली आहे. त्यांनी पाचवा भाग १९९६ साली वाचला आणि मग प्रत्येक नव्या भागाची वाट पाहिली. अकरावा भाग २००५चा आणि बारावा २००९चा. मधल्या काळात लेखकच गेला, आता शेवट आपल्याला कधी कळणारच नाही, असं दोन महिने धरून चालले होते म्हणाले. हे सगळं त्यांनी मला तुम्ही गेल्यावर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

चौदा महिने हा माणूस आमच्यात बसला आणि त्याने आपल्याला ठाऊक असलेलं एकही अक्षर बाहेर पडू दिलं नाही. आता मागे वळून पाहते तेव्हा मला त्यांची रीत दिसते. छोटी नवा संशयित घेऊन आली की ते चष्मा पुसत विचारायचे, "बरं, मग त्या वेळी तो होता कुठे?" ती घरी जाऊन पानं उलटायची आणि पुढच्या रविवारी सांगायची, "काका, तो तर तिकडे होता, दुसऱ्या टोकाला." मग त्या नावावर काट. दुसरं नाव आलं की पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. संशय बरोबर असो की चूक, काकांच्या आवाजात तिळभर फरक नसे. तीन महिन्यांत त्या मुलीने पाचही भाग दोनदा पालथे घातले. बारावीची मुलगी! तिची आई आधी माझ्याशी भांडायला आली होती. मग वही बघितली आणि काही न बोलता परत गेली. वहीत तारखा होत्या, हाताने काढलेला नकाशा होता, पात्रांचे प्रवास वेगवेगळ्या रंगांनी दाखवले होते. इतकं लक्ष देऊन मी माझ्या आयुष्यात काही वाचलेलं नाही.

तुम्ही आणि काका, दोघांकडे एकच गोष्ट होती. काकांनी ती एका मुलीला वाचायला शिकवण्यासाठी वापरली. तुम्ही ती आपल्याला किती माहीत आहे हे दाखवायला वापरलीत. याहून वेगळं कारण मला शोधूनही सापडत नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

कारणं तुम्ही दिलीत म्हणा, दुसऱ्या दिवशी फोनवर. एकेक घेते.

पुस्तकं जुनी झाली, आता कसलं आलंय गुपित, असं म्हणालात. त्यांच्यावर काढलेली दूरचित्रमालिकासुद्धा २०२१ला येऊन तिसऱ्या पर्वानंतर २०२५मध्ये बंद झाली, याचाही दाखला दिलात. दादा, पुस्तक आलं तेव्हा छोटीचा जन्मही झाला नव्हता. ज्या दिवशी ती ते उघडते त्या दिवशी तिच्यासाठी ते नवं असतं. तुम्ही पहिल्यांदा वाचलंत तेव्हाही ते जुनंच होतं, तरी तुमच्यापाशी येऊन कुणी नाव फोडलं नाही, म्हणून तुम्हाला ते वाचता आलं.

मग तुम्ही महाभारत काढलंत. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरी माणसं कीर्तनाला जातात ना? जातात. मीही जाते. पण तिथे बुवांना आणि श्रोत्यांना गोष्ट सारखीच माहीत असते. सगळे मिळून ओळखीच्या वाटेने चालतात आणि त्याचा आनंद निराळा. तिथेसुद्धा बुवा पूर्वरंगातच आख्यान उरकत नाहीत. उत्तररंगाची वेळ यावी लागते. इथे लेखकाने दाराला मुद्दाम कुलूप घातलं होतं आणि किल्ली पुस्तकातच कुठेतरी लपवून वाचकाला सांगितलं होतं, शोध. मालिकेचं नाव कालचक्र, तिच्यात युगं फिरून फिरून येतात, माणसं पुन्हा जन्म घेतात, आपल्याला ते सगळं घरचं वाटतं, हे खरं. पण त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेली कथा होत नाही.

नंतर संध्याकाळी तुम्ही एक लेख पाठवलात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या दोन संशोधकांनी २०११ साली प्रयोग केला आणि शेवट आधी कळलेल्या वाचकांनाही गोष्टी आवडल्या, किंबहुना थोड्या जास्तच आवडल्या, असं त्यांना आढळलं. मी तो लेख नीट वाचला. त्यांनी वाचायला दिल्या होत्या लघुकथा. एका बैठकीत संपणाऱ्या. तीन महिने उशाशी वही घेऊन झोपणारी मुलगी त्या प्रयोगात नव्हती. गोष्ट आवडेल की नाही, हा वादच नाही, दादा. छोटीला मालिका आजही आवडते. गेलं ते निराळं आहे. ती जे शोधत होती ते आता तिला कधीही सापडणार नाही, कारण ते तिला दिलं गेलंय.

माझे बाबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांच्या पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असे. बाबा घरी आल्यावर आधी खोडरबर घेऊन, डोळे अर्धे मिटून ते पान खोडत. लिहिणाऱ्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही. मी पाहिला. तो माझ्या घरी येतो, माझ्या कपातून चहा पितो.

छोटी तीन रविवार आली नाही. श्रावणात परत आली. दारातच तिने विचारलं, "दादा आहेत का?" नाहीत म्हटल्यावर आत आली. आता आम्ही रखडपट्टीत शिरलो आहोत. ती वाचते, बोलते, मालिकेतल्या नायनीव्हने किती वेळा वेणी ओढली ते मोजते आणि हसते. पण नवी वही तिने केली नाही. एखाद्या प्रसंगाचा धागा सुटा राहिला आणि कुणी विचारलं, "छोटे, तुला काय वाटतं?", की ती म्हणते, "कळेल की पुढे." काका त्या वेळी खाली बघतात. परवा ते चष्मा पुसत तिला म्हणाले, "त्या वेळी तो होता कुठे?" तिने उत्तर दिलं नाही.

तुम्ही यायचं बंद केलं आहे आणि दोनदा निरोप पाठवलात की सगळ्यांचा गैरसमज झाला. गैरसमज कुणाचाही झालेला नाही. आम्हाला तुम्ही परत यायला हवे आहात का, असं विचाराल तर माझं उत्तर हो असं आहे. शेवटच्या भागात एक लढाई आहे, तिचं एकच प्रकरण २०० पानांच्या आसपासचं आहे. ते आम्ही एका दिवसात, सकाळी सातला सुरू करून, सगळ्यांनी आळीपाळीने मोठ्याने वाचायचं ठरवलंय. तुमचा आवाज चांगला आहे, तो हवा आहे. पण त्याआधी छोटीकडे जा. फोन नको, जा. तिच्या आईसमोर सांगा की चूक झाली. ती काय म्हणेल ते ऐकून घ्या आणि मध्ये बोलू नका. मग रविवारी चारला या, काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसा आणि तेराव्या भागाची शब्दसूची उघडेपर्यंत काका बसतात तसे बसा. न जमल्यास येऊ नका.

ती जुनी वही माझ्याकडे आहे. जाताना छोटी ती इथेच टाकून गेली आणि मी ती कपाटात ठेवली आहे. शेवटच्या पानावर चार नावं आहेत, तीन खोडलेली, एक तसंच. ते बरोबर आहे की चूक, हे मी तिला सांगितलेलं नाही. काकांनीही नाही. ती मागेल तेव्हा वही तिला देईन. तुम्ही मागितलीत तर दाखवणार नाही.

तुमची,
रविवारचं घर जिचं आहे ती