झाडांचे मास्तर

बमरोलीत माणसाला ताप आला तर त्याला दवाखान्यात नेतात. लिंबाला आला तर मास्तरांना बोलावतात. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत लूम दुरुस्त करणाऱ्याला मास्तर म्हणतात. पांडेसरा-उधन्याच्या खात्यांत उभी हयात घालवून, नुसत्या खटखटाटावरून कुठल्या लूमचं काय दुखतंय ते सांगणारा हा माणूस निवृत्त झाला की त्याच्या कानांना काम उरत नाही. मग तो डोळ्यांवर येतो आणि लोकांची झाडं बघू लागतो.

आमच्या सोसायटीतल्या अशा मास्तरांना सगळे आप्पा म्हणतात. ताप्ती लाइनच्या गाडीने खानदेशातून आलेल्या बाकीच्यांसारखेच तेही आले. शेत भावाकडे राहिलं, पण शेतकरीपण डब्यात चढलंच. त्यामुळे इथल्या प्रत्येक रो-हाऊसच्या मागे चार फूट जागेत एक लिंबू, एक पेरू, एक पपई आणि एक आंबा असतो. वर शेजाऱ्याची गॅलरी आहे हे आंब्याला चौथ्या वर्षी कळतं आणि शेजाऱ्याला पाचव्या.

आमचं लिंबू पिवळं पडलं तेव्हा आप्पा आले. दाराशी चपला काढल्या, कापडी पिशवीतून भिंग काढलं. हे भिंग कापडातले धागे मोजायचं. आता त्याखाली कोळी मोजले जातात.

"काय व्हयनं रे भाऊ या निंबूले?"

सांगायला मी तोंड उघडलं, पण प्रश्न मला नव्हताच. आप्पा पानाची मागची बाजू बघत होते. लोक झाडाचं तोंड बघतात, आप्पा पाठ बघतात. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. काही पानांवर चंदेरी नागमोडी रेघा. बुंध्याशी साल चिरलेली आणि तिच्यातून डिंक ओघळलेला.

"रेघा नागअळीच्या. त्या चालायच्याच. पानी कितलं टाकतस?"

"रोज. दोन वेळा," बायको अभिमानाने म्हणाली. "शिवाय तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं."

आप्पांनी डोळे मिटले. मग निदान सांगितलं: आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण पाणी तुंबलं की मुळांना ते उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी. बुंध्याला सतत ओल लागली, म्हणून डिंक्या. थोडक्यात, झाडाला रोग नव्हता, माणसं होती.

उपचारही माणसांवरच. बुंध्याशी मातीचा उंचवटा करायचा, भोवती दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यायचं, तेही माती सुकल्यावर. "आणि औषध?" बायकोने विचारलं. पाणी बंद करणं हा उपचार आहे, हे आमच्या सोसायटीत अजून कुणाच्या गळी उतरलेलं नाही. बाटली हवी. म्हणून आप्पांनी बोर्डो पेस्ट लिहून दिली. ती नुसती समजुतीची नव्हती. डिंक्याला खरंच लागते.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. १०० ग्रॅम मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत, दोन्हींत मिळून पाणी एक लिटर. दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या बादलीत. मग आप्पांनी स्वयंपाकघरातली लोखंडी सुरी मागवून आत बुडवली. पात्यावर तांबूस थर आला. म्हणजे चुना कमी. चुना वाढवला, सुरी घासून पुन्हा बुडवली, स्वच्छ निघाली. बायकोने ती घरात घेतली नाही, तेव्हा आजारी साल खरवडायच्या कामी आली.

जखमेवर निळी पेस्ट फासता फासता आप्पांनी फ्रान्सची गोष्ट सांगितली. बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, का तर येणाऱ्या-जाणाऱ्याने विष समजून द्राक्षं तोडू नयेत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिलं, तर नेमक्या त्याच वेलींना केवडा रोग नव्हता. १८८५ साली त्याने कृती छापली. "चोरासाठी केलेलं औषध रोगाला लागू पडलं," आप्पा म्हणाले आणि आमच्या पेरूकडे बघणाऱ्या गल्लीतल्या पोरांकडे त्यांनी अर्थपूर्ण पाहिलं.

त्यांची फेरी मग गल्लीभर झाली. समोरच्यांचा आंबा काळा पडला होता. चिमण्यांच्या धुराला शिव्या देणं चालू होतं. आप्पांनी ओलं बोट पानावर फिरवलं. खालून चिकट लागलं. तुडतुड्यांनी टाकलेला गोड चिकटा आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी. "धूर असा गोड नसतो," ते म्हणाले. पलीकडच्या पेरूत अळ्या होत्या. त्याला फळमाशीचा सापळा: मिथाइल युजेनॉलच्या वासाला भुलून नर डब्यात शिरतात. "आणि माद्या?" वहिनींनी विचारलं. "त्या वाट बघत बसतात," आप्पा म्हणाले. वहिनींना सापळा फार आवडला.

पपईपाशी मात्र ते गप्प झाले. पानं चट्टेरी, आखडलेली, फळावर गोल गोल कडी. विषाणू. औषध नाही, मावा तो दुसऱ्या पपईवर नेतो, म्हणून उपटायची. घरमालकाने घासाघीस केली: अर्धी ठेवली तर?

त्या पहिल्या दिवशी आमच्याकडून निघताना आप्पांची एक चप्पल सापडली नव्हती. कुत्र्यावर आळ घेऊन ते एका पायाने अनवाणी घरी गेले होते.

दोन महिन्यांनी लिंबाला हिरवीगार पालवी आली. आप्पा तपासायला आले, मागच्या बाजूने वाकले आणि तसेच राहिले. फांदीला त्यांची चप्पल टांगलेली होती.

"नजर लागली होती झाडाला," आई शांतपणे म्हणाली. "चप्पल तर बांधायचीच होती. म्हटलं, कुणाचीही कशाला? तुमचा पायगुण चांगला."

आप्पांनी भिंग लावून चप्पल दोन्ही बाजूंनी नीट पाहिली. "बांधलेली राहू द्या, आक्का. हिने झाडाला काही होत नाही. पाण्याने होतं."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि पिशवीतून जोडीतली उरलेली चप्पल काढून आईच्या हातात दिली.

"ही पेरूला बांधा. आणि त्याचंही पाणी कमी करा."