सगळं अप टु डेट आहे

आमच्या प्रोजेक्टमध्ये तीन संस्थानं आहेत. जावाचा मुलूख ग्रेडलच्या ताब्यात, ब्राउझरमध्ये दिसणारं सगळं एनपीएमकडे, आणि कोपऱ्यातल्या पायथन स्क्रिप्ट्स कोणाच्याच नाहीत, म्हणून त्या मला विचारून चालतात. नवीन माणूस आला की त्याच्या हातात दीड पानभर कमांड ठेवाव्या लागत. टीममधला एकमेव पिकल्या केसांचा माणूस म्हणून मला ते बघवेना. भर मीटिंगमध्ये बोलून बसलो, "हे सगळं एका कमांडवर आणून देतो. मेक वापरू."

मेक माझ्यापेक्षाही वयानं मोठं. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं, तेही एका सहकाऱ्याच्या वैतागातून. स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त झालेली! फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. कोणती फाइल बदलली आणि तिच्यापायी काय काय नव्यानं बनवायला हवं, हे माणसानं लक्षात का ठेवावं? ते यंत्रानं बघावं. या कामासाठी 2003 साली फेल्डमन यांना एसीएमचा पुरस्कार मिळाला. हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

मेकफाइलची रीत साधी: वर काय बनवायचं त्याचं नाव, खाली ते बनवायचा हुकूम, आणि हुकमाच्या ओळीआधी टॅब. स्पेस चालत नाही. माझा एडिटर मात्र सुसंस्कृत असल्यामुळे टॅब दिसला की गुपचूप त्याच्या स्पेस करून टाकायचा. मेक म्हणालं, 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या वरच्या भागातून पाहिलं, खालच्या भागातून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. कोरी जागा ती कोरीच. हा टॅबचा हट्ट बदलावा असं खुद्द फेल्डमनना लवकरच वाटलं होतं म्हणे. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून ते राहून गेलं. बारा जणांच्या भिडेची किंमत जग अजून मोजतंय.

पुढे आणखी एक गंमत. पहिल्या ओळीत लिहिलं, बॅकएंडच्या फोल्डरमध्ये जा. दुसऱ्या ओळीत लिहिलं, ग्रेडल चालव. मेक प्रत्येक ओळीसाठी नवं शेल उघडतं, त्यामुळे पहिली ओळ कुठे गेली होती याचा दुसरीला पत्ताच नसतो. मी 'वनशेल' नावाची तरतूद शोधून काढली आणि माझ्या लिनक्सवर सगळं सुरळीत झालं. शेजारच्या मुलाच्या नव्याकोऱ्या मॅकवर ढिम्म. मॅकसोबत आलेलं मेक निघालं 3.81, म्हणजे 2006 सालचं, आणि वनशेल आलं त्याच्या पुढच्या आवृत्तीत. त्या मेकनं तक्रारही केली नाही. न कळलेली सूचना निमूट सोडून दिली. मीटिंगमध्ये मीही तेच करतो, तेव्हा बोलणार काय! शेवटी सगळे हुकूम एका ओळीत कोंबले.

एकदाचं चाललं. 'मेक टेस्ट' म्हटलं की तिन्ही संस्थानांच्या टेस्ट एका दमात धावू लागल्या. पंधरा-वीस मिनिटं लागत, तेवढ्यात चहा व्हायचा. मग मला सुधारणेची हुक्की आली. आठ कामं एकदम चालवण्याचा पर्याय मेकमध्ये आहे, तो घातला. आणि त्याच आठवड्यात चमत्कार झाला: टेस्ट एका सेकंदात संपू लागल्या! सर्व्हरवरही हिरवं, रोज हिरवं. मी आलेखासह एक स्लाइड केली. वरिष्ठांसमोर 'समांतर प्रक्रिया' या विषयावर बोललो. इतर टीमचे लोक मार्गदर्शनासाठी येऊ लागले; मी त्यांना फेल्डमनपासून सांगायचो.

मग टीममध्ये नवी मुलगी आली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, मी मुद्दाम एक टेस्ट मोडून बघितली, तरी पास कशी होते?" मी मायेनं समांतर प्रक्रिया समजावू लागलो. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे एकच ओळ होती: 'टेस्ट इज अप टु डेट.'

मेक जुन्या वळणाच्या कारकुनासारखं आहे. टेस्ट 'बनवा' म्हटलं की आधी त्या नावाचं काही दप्तरी आहे का ते बघणार. ते असेल आणि आणखी कशावर अवलंबून नसेल, तर काम झालेलंच आहे, कशाला उठा? त्या शुभ आठवड्यात आमच्यापैकी कुणीतरी 'टेस्ट' नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं. तेव्हापासून एकही टेस्ट धावली नव्हती. माझी आठ कामं एकदम रिकामी बसली होती.

हे नाव फाइलचं नाही, एवढं मेकला सांगणारी एक ओळ लागते. ती तिनंच घातली. टेस्ट पुन्हा धावल्या, चहाला वेळ मिळाला, आणि परत येऊन पाहतो तर सगळं लालेलाल.

संध्याकाळी मॅनेजरचा मेल आला. इतके दिवस सगळं हिरवं असताना आज अचानक कुणी काय बिघडवलं, याची चौकशी होती. खाली ताजा कलम होता: तुमची ती जुनी, वेगवान मेकफाइल परत आणता येईल का?