घटमांडणी २०४७

गेल्या आठवड्यात एका पंचतारांकित हॉटेलात जाऊन भविष्य बघून आलो. पत्रिका न्यावी लागली नाही, आधार कार्डावर भागलं. कार्यशाळेचं नाव 'स्ट्रॅटेजिक फोरसाइट'. टेबलावर चार रंगांचे चिकट कागद, पेपरमिंटच्या गोळ्या आणि समोर सुटातला एक तरुण सल्लागार. त्याने फळ्यावर अधिकचं भलंमोठं चिन्ह काढलं. आडवी रेघ तंत्रज्ञानाची, उभी सरकारी नियमांची. चार चौकोन, चार भविष्यं. २०४७ साली यांतलं एक नक्की खरं होणार, म्हणाला. चौकोनांच्या बाहेर फळाच उरला नव्हता, त्यामुळे मलाही ते पटलं.

मला भेंडवळ आठवलं. बुलढाणा जिल्हा, जळगाव जामोद तालुका. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून पीकपाणी सांगतात. पानसुपारी जागची हलली नसेल तर राजाची गादी कायम. अंधश्रद्धा निर्मूलनवाले आक्षेप घेतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण भेंडवळकरांना एक अडचण आहे, जी सल्लागाराला नाही. त्यांच्याकडे सप्टेंबर येतो. भरपूर पाऊस सांगितला आणि बांधावर धूळ उडाली, तर सोयाबीनवाला तोंडावर विचारू शकतो. २०४७चा जाब विचारायला कोण कुणाच्या दारात जाणार? पोराने साल निवडलं तिथेच त्याची दूरदृष्टी दिसली.

जेवणाआधी 'डेल्फी' झाली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या रँड या संस्थेने काढलेली पद्धत. नाव मात्र प्राचीन ग्रीसमधल्या कौल लावण्याच्या देवस्थानाचं, म्हणजे बारशालाच कबुलीजबाब. तज्ज्ञांनी नाव गुप्त ठेवून मत द्यायचं, मग सर्वांची मतं सर्वांना दाखवून पुन्हा विचारायचं. तीन-चार फेऱ्यांत मतं जवळ येतात. आमच्या सोसायटीच्या जिन्याचा रंग असाच ठरला. तो एकालाही आवडलेला नाही.

जेवणानंतर पडद्यावर कोडॅक आली. या कंपनीला म्हणे भविष्य दिसलं नाही. मी हात वर केला. दिसलं होतं की! १९७५ साली त्यांच्याच स्टीव्ह सॅसन नावाच्या इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला. ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. साहेबांनी विचारलं, हे फिल्मला गाठणार कधी? तो म्हणाला, पंधरा-वीस वर्षांत. उत्तर चुकलं असतं तर कदाचित कंपनी घाबरली तरी असती. बरोबर उत्तरामुळे घोटाळा झाला, कारण पंधरा-वीस वर्षं म्हणजे तोवर आपली पेन्शन सुरू, हा हिशेब कोणत्याही साहेबाला मनातल्या मनात जमतो. १९८१मध्ये कंपनीने रीतसर अभ्यास केला. दहाएक वर्षं हातात आहेत, असा निष्कर्ष निघाला. मग काय, फिल्म विकत बसले. जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

सल्लागाराने माझ्याकडे पेपरमिंटची गोळी सरकवली.

बरं, बाहेरून विकत घेतलेलं भविष्य? १९८०च्या सुमारास एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने मॅकिन्झी या सल्लागार कंपनीला विचारलं, २००० साली अमेरिकेत मोबाइल किती असतील? नऊ लाख, असं उत्तर आलं. प्रत्यक्षात दहा कोटींच्या वर गेले. बिल परत केल्याचं ऐकिवात नाही. शेल कंपनीत पिएर वॅक यांनी १९७३च्या तेलसंकटाआधी आपल्या वरिष्ठांना तेल महागण्याची शक्यता नीट रंगवून दाखवली होती, हे मान्य. पण पन्नास वर्षं प्रत्येक कार्यशाळेत हीच एक गोष्ट सांगतात. दुसरी सापडलेली दिसत नाही.

आपल्याकडे १९९६ साली टायफॅक या सरकारी संस्थेने 'टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०' काढलं. अध्यक्ष डॉ. कलाम. त्यांनी ते स्वप्न मनापासून पाहिलं होतं आणि शाळाशाळांतून मुलांनीही पाहिलं. २०२० उजाडलं तेव्हा आपण बाल्कनीत थाळ्या वाजवत होतो. तोवर २०३५चा दस्तऐवज निघून चार वर्षं झाली होती. आता मुक्काम २०४७. एसटी तीच, पाटी तेवढी बदलली.

शेवटी सर्वांना 'प्रमाणित दूरदर्शी' असं प्रमाणपत्र मिळालं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, मुदत ३१ मार्चपर्यंत. नूतनीकरणाचं शुल्क किती, म्हणून मी विचारलं. सल्लागार हसून म्हणाला, "ते आत्ताच कसं सांगणार, सर?"