गडग्यापलीकडची इन्व्हेंटरी

"ऐकलंस गो? वरच्या वाड्यावर इन्व्हेंटरी घातली म्हणे."

काकी गडग्याला टेकून उभ्या राहिल्या की समजायचं, बातमी दमदार आहे. पेडण्यात हल्ली मोठ्या बातम्या दोनच. कोणाच्या जमिनीला काय भाव आला, आणि त्या भावावरून कोण कोणाशी बोलेनासं झालं.

"कोणी घातली?"

"धाकट्या लेकीनं. डिचोलीला दिलीय ती. आणि बरं केलं तिनं, मी तोंडावर सांगीन. आजा गेला, बाप गेला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा अजून आज्याच्याच नावावर. मधला भाऊ काजूचं भाट राखतो, मोठा मुंबईला. मोपाचा विमानतळ होईपर्यंत मुंबईवाल्याला भाट कुठल्या दिशेला आहे तेही आठवत नव्हतं. आता दलाल दारात आल्यावर बरोबर आठवलं."

"मग विकलं का?"

"विकतो कसला! घेणाऱ्याच्या वकिलानं सह्यांची यादी काढली. आज्याची मुलं, मुलांची मुलं, त्या सगळ्यांचे नवरे, बायका. एक लंडनला, एक कुवेतला. दोन डझन सह्या, वर परदेशातून मुखत्यारपत्रं."

"जावयांच्याही सह्या?"

"मग! इथं गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत एकच. माहेरून आलेली जमीनसुद्धा. म्हणून जावई रुसला की व्यवहार अडला. काही जावई तर त्यासाठीच रुसतात."

काकींचे यजमान एका नोटरीकडे कारकून होते. काका गेले, कायदा काकींच्या तोंडी राहिला. पोर्तुगिजांचा 1867 चा दिवाणी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला. 1961 साली ते गेले, तो मात्र गेला नाही. वारशाचा भाग पुढे गोव्याच्या स्वतःच्या 2012 च्या कायद्यात आला आणि 22 डिसेंबर 2016 पासून तो चालू आहे. काकींची बहीण तेरेखोलच्या काठी, बांद्याला दिलेली. तिथं, महाराष्ट्रात, वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मापासून मुलांइतका हक्क मिळाला तो 1994 साली, तोही तेव्हा लग्न न झालेल्यांना; सगळ्यांना 2005 साली. "आमच्याकडे आमच्या आजीच्या वेळीसुद्धा होता," काकी म्हणतात, "फक्त मागितला की माहेर तुटायचं."

"पण बापानं मृत्युपत्र केलं असतं तर?"

"किती आण्यांचं करणार? रुपयातले आठ आणे बायकोचे, ते तिचेच, वारसा म्हणून नव्हेत. उरलेल्या आठातले चार मुलांसाठी राखीव. बापाच्या मर्जीचे उरले चार आणे. आणि घरी वहीच्या पानावर लिहून उशाखाली ठेवलं तर त्याची चूल पेटवायची. नोटरीसमोर व्हायला हवं. एकाच मुलाला जमीन विकायची म्हटली तरी बाकीच्या मुलांची संमती हवी."

म्हणजे कोणाला किती मिळणार हे गोव्यात बहुतेक ठरलेलंच असतं. ठरत नाही ते एवढंच, की जमीन कसणार कोण. आणि भांडण तिथंच असतं.

"इन्व्हेंटरीत काय होईल आता?"

"कोर्टात शपथेवर यादी द्यायची. जमीन किती, झाडं किती, कर्ज किती, वारस कोण. मग जमत नसेल तर भावंडांतच बोली. ज्याची बोली जास्त त्याला जमीन, बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे. आता तूच सांग, बोली कोण मारणार? बोरिवलीला फ्लॅट आहे तो, की मार्चपासून मेपर्यंत बोंडू वेचून हुर्राक काढतो तो?"

यावर मी काय बोलणार? कायद्याला वाटा दिसतो. वीस वर्षं भाटातलं रान कोणी कापलं, आग कोणी विझवली, ते दिसत नाही. समान वाटा न्यायाचाच आहे, लेकींच्या बाबतीत तर नक्कीच. पण राबणाऱ्याचं काही आधी बोलून ठेवलं नसेल तर समान वाटा त्यालाच उठवतो.

मी माझ्या माहेरच्या शेजाऱ्यांचं सांगितलं. डिचोलीकडचं कुळागर. वर झर, तिथून एकच पाट, त्यावर पोफळी, माड, केळी, मिरवेली, जायफळं. त्याचे चार तुकडे केले तर वरच्यानं पाट अडवला की खालची पोफळ सुकलीच. त्या नवराबायकोनं चवथीला सगळी मुलं जमली तेव्हाच विषय काढला. कुळागर राखणाऱ्या मुलाला दोघांनी दानपत्र करून दिलं, मरेपर्यंतचा उपभोग स्वतःकडे ठेवला. सगळ्या भावंडांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी संमतीच्या सह्या केल्या. बहिणींना सुपारीच्या पैशांतून हप्ते.

"उपभोग ठेवला ते शहाणपण," काकी म्हणाल्या. "नाहीतर हात रिकामे करून सुनेच्या दारात बसायचं. पण हप्ते दिले का सगळे?"

"दोन राहिलेत."

"बघ! कागदावर घेतलेत की तोंडी?"

"कागदावर."

"मग मिळतील."

काकींनी पदर खोचला, आवाज उतरवला. "आणि गप्प बसून जमीन राहते असं समजू नकोस. 2022 साली सरकारला खास पोलीस पथक नेमावं लागलं. मेलेल्यांच्या, परदेशी गेलेल्यांच्या जमिनी खोटे दस्त करून विकल्या लोकांनी. वारस कागदावर नाही, तिथं चोर वारस होतो."

"काकी, तुमच्या शेताचं काय? खालच्या मळ्यातलं?"

"ते ना? ते कुळाचं."

"ते माहीत आहे. नावावर झालं का?"

आता काकींना एकदम कोंबड्या आठवल्या. मी सोडलं नाही. शेवटी निघालं ते असं. 20 एप्रिल 1976 हा कसेल त्याच्या जमिनीचा दिवस. पेडण्याच्याच भाऊसाहेब बांदोडकरांनी आणलेल्या कूळ कायद्यात त्यांच्या लेकीच्या, शशिकलाताईंच्या, कारकिर्दीत दुरुस्ती झाली आणि कसणारं कूळ मालक मानलं गेलं. पण मामलेदाराकडे किंमत ठरवून, ती भरून सनद घ्यायची होती. काकींच्या सासऱ्यांनी ती घेतली नाही. उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात अजून त्यांचंच नाव, आणि त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली.

"दीर म्हणतात बघू, जाऊ म्हणते बघू. नणंद तर हैदराबादला."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी पण बघूच म्हणते गो. विषय काढला की वाटतं, ह्या म्हातारीला घाई कसली झालीय."

अडतं ते इथंच. कायदा लोकांना काकींपेक्षा फार कमी ठाऊक असतो असं नाही. बोलायला कोणी पहिलं तोंड उघडत नाही. त्यातून हे शेत भाताचं. 2023 च्या कायद्यानं भातशेती शेतकरी नसलेल्याला विकणं बंद केलं, त्यामुळे हैदराबादच्या नणंदेला बिल्डरच्या भावाचं स्वप्नही पडू नये. शेत राहायचं तर कोणीतरी कसलंच पाहिजे, आणि कसणाऱ्याच्या हाती कागद पाहिजे.

पेडणे असो, डिचोली असो, चवथीला मुंबई-दुबईचे सगळे घरी येतात. गणपतीवर माटोळी बांधायच्या आधी एक-चौदाचा ताजा उतारा काढून ठेवा. मालकाच्या, कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात कोण आहे ते मोठ्यानं वाचा, आणि सगळे पांगायच्या आत नोटरीकडे जायची तारीख ठरवा. विषय घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं काढावा. त्याला घाईचा आळ लागला तर लागू दे.